सकाळी नऊ एकतीस

480 तास आधी : 7 ऑगस्ट 2025, सकाळी 9.31

वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं आणि बहुतेक भारतीय मालावर 25 टक्के जादा आयात शुल्क लागू झालं. रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी 25 टक्क्यांच्या आदेशावर ट्रम्प यांची सही आदल्या दिवशीच झाली होती. अंमल 27 ऑगस्टपासून. बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, वडवणीच्या रानात तेव्हा कपाशीला पाते लागत होते, पाठीवर फवारणीचे पंप होते.

201 तास आधी : 19 ऑगस्ट, रात्री 12

केंद्र सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. मुदत 30 सप्टेंबर. बांगलादेश आणि व्हिएतनामच्या कपड्यांवर अमेरिकेत 20 टक्के जादा शुल्क, आपल्यावर 50 होणार. म्हणून गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा, हा हिशेब. गिरण्यांची अडचण खरी होती. तिरुपूरच्या कामगाराचं पोटही निर्यातीच्या शर्टावरच आहे. पण बाहेरची गाठ स्वस्त झाली की सूतगिरणी देशी गाठीचा भाव पाडते, जिनिंगवाला तेवढाच सरकीसह कापसाचा दर उतरवतो आणि खेडा खरेदीचा व्यापारी शेतकऱ्याच्या ओसरीवर काटा लावून उरलेलं वसूल करतो. या साखळीत शेतकऱ्याच्या पुढे ढकलायला कोणी नसतं. आणि बाहेरून येणाऱ्या त्या गाठींत अमेरिकेच्याही गाठी असतात.

111 तास आधी : 22 ऑगस्ट, पोळ्याची संध्याकाळ

बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला, पुरणपोळी झाली. हमीभाव आधीच जाहीर झालेला होता : लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये.

दूरच्या देशाची जकात शेताचं काय करते हे कळायला इथे थोडं मागे जायला हवं. 1890 मध्ये अमेरिकेने साखरेवरची जकात उठवली आणि आपल्या उत्पादकांना अनुदान दिलं. हवाईच्या साखरेला आधीपासून जकात नव्हती, तो खास फायदा एका कायद्यात संपला. तिथल्या मळेवाल्यांना आता अमेरिकेच्या आत शिरायचं होतं. 1893 च्या जानेवारीत राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथलं तेव्हा अमेरिकी नौसैनिक होनोलुलूत उतरलेले होते. 1898 मध्ये हवाई ताब्यात आलं. त्याच वर्षी स्पेनकडून पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपाईन्स. फिलिपाईन्सला 1909 पासून अमेरिकी बाजार मोकळा झाला आणि तिथली शेती त्या एका गिऱ्हाइकाच्या साखरेवर विसंबली. मग अमेरिकी शेतकऱ्यांच्याच दबावाखाली 1934 चा स्वातंत्र्याचा कायदा झाला, ज्यात पुढे वाढत जाणारी जकातही लिहिलेली होती. आज बेटं ताब्यात घ्यावी लागत नाहीत. गिऱ्हाईक मोठं असलं की जकातीचा आकडा पुरतो.

साडेनऊ तास आधी : 27 ऑगस्ट, रात्री 12

मुहूर्त गणेश चतुर्थीचा. मूर्ती घरोघर आल्या होत्या. गोदावरीपलीकडे अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी मुंबईला निघण्याच्या तयारीत होते आणि बीडचं सगळं लक्ष तिकडे लागलेलं.

शून्य : सकाळी 9.31

एकूण जादा शुल्क 50 टक्के. आधीच जहाजावर चढलेल्या मालाला 17 सप्टेंबरपर्यंत सूट मिळाली. शेतात उभ्या पिकाला अशी सूट नसते.

दुसऱ्या दिवशी : 28 ऑगस्ट

माझ्या मते खरा घाव हा. केंद्राची कापसावरची शुल्कमाफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली. 30 सप्टेंबरची मुदत टिकली असती तर बरीचशी वेचणी वाचली असती, कारण आपल्याकडे कापूस घरात येतो तो दसऱ्याच्या आसपास आणि त्यानंतर. आता हंगामाचा गाभाच माफीत सापडला. त्यात सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरीला पूर आले, बोंडं झाडावरच सडली.

गिरण्यांना मदत करायची तर ती सरकारी तिजोरीतून व्हावी, कपाशीच्या रानातून नव्हे. वेचणीच्या चार महिन्यांत आयात शुल्क माफ करता येणार नाही असा नियम व्हायला हवा, आणि ही मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून दिल्लीला पाठवावी.