नळाच्या पाइपातला खर्ज

लाउडस्पीकर म्हटला की दुकानातली चकचकीत पेटी डोळ्यांसमोर येते. पण त्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासात पेटीइतकेच महत्त्व नळीलाही आहे, आणि ती नळी प्लंबिंगच्या दुकानात मिळते.

आज आपण वापरतो तसा कागदी कोनाचा स्पीकर अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये जगापुढे मांडला. त्यात एक अडचण होती. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लाट कडेने वळून पुढच्या लाटेला गाठते आणि खर्ज विरून जातो. मागच्या लाटेला अडवायचे, जमल्यास तिलाच कामाला लावायचे, या खटपटीत पुढची कित्येक वर्षे गेली.

बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी पेटीला तोंड ठेवून आतील हवेकडूनच खर्ज वाढवण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट 1932 मध्ये मिळाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की हुंकार येतो, तेच हे तत्त्व. आज हौशी मंडळी घरच्या पेटीत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवतात, तो याचसाठी. 1936 मध्ये बेंजामिन ओल्नी यांनी मागच्या लाटेसाठी घड्या घातलेला लांब बोगदाच तयार केला. 1965 मध्ये आर्थर बेली यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात लोकर भरलेल्या अशा बोगद्याची रचना दिली.

या बोगद्याचे गणित आपल्यापैकी विज्ञान शाखेच्या मंडळींनी अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत केले आहे. अनुनाद नळीच्या तोंडाशी 512 कंपनांचा नादकाटा धरला की हवेचा स्तंभ 16 ते 17 सेंटीमीटर होताच आवाज घुमतो. एका टोकाला बंद नळीची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी झाली, म्हणून. नळी 1 मीटरची घेतली तर ती सुमारे 86 कंपनांना घुमते, 2 मीटरची 43 ला. नादकाट्याच्या जागी स्पीकर बसवून ते टोक बंद केले, दुसरे उघडे ठेवले, की झाला घरचा लाउडस्पीकर!

चार इंची पाइप त्याला उत्तम. प्लायवूडच्या सपाट फळ्या खर्जाबरोबर थरथरतात. गोल भिंतीवर दाब सगळीकडून सारखा पडतो, त्यामुळे ती फुगत नाही. दोन मीटर उंची गैरसोयीची वाटली तर एल्बो लावून पाइप दुमडता येतो. अशी नळी तिप्पट आणि पाचपट कंपनांनाही घुमते. तो नको असलेला घुमार आत सैलसर भरलेला गादीचा कापूस शोषून घेतो. बेलींची लोकर याच कामाची.

आज मुलांच्या खिशात हजारो गाणी आहेत. पण त्यांचे स्पीकर चिकटवून बंद केलेले असतात, आत काय चालते ते दिसत नाही. पाइपचा स्पीकर सगळे उघडे ठेवतो. करवतीने पाइप चार बोटे कापला की सूर चढलेला कानांना कळतो, आणि पुस्तकातले सूत्र खरे आहे याची खात्री पटते.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक सूचना. शाळेला भेटवस्तू द्यायचीच असेल, तर तयार साउंड सिस्टिमऐवजी काही पाइप, काही स्पीकर आणि एक करवत द्यावी. पुढच्या स्नेहसंमेलनाचा आवाज मुलांनी स्वतः बांधलेल्या स्पीकरांतून यावा.