मॉरिशस : लाव्हा, ऊस आणि घाम

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट समुद्रतळावरील ज्वालामुखींच्या उद्रेकांतून सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी वर आले, आणि थिजलेल्या लाव्हापासून बनणारा बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीतही आढळणारा काळा कातळ, हाच त्याचा पाया आहे. क्युरपिप येथील त्रू-ओ-सेर्फ या विवराच्या उतारांवर आज दाट झाडी आहे. शामारेल येथे उष्ण, पावसाळी हवेत बेसाल्ट झिजून त्यातील सिलिका वाहून गेली व लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली, त्यामुळे तेथील उघड्या टेकाडांवर तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या छटांचे पट्टे उमटले. कोकणातील जांभा दगडही अशाच झिजेतून घडतो.

डचांनी 1598 मध्ये बेटाला राजपुत्र मॉरिस याचे नाव दिले, फ्रेंचांनी उसाची लागवड वाढवली आणि 1810 मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकले. 1835 मध्ये गुलामगिरी संपुष्टात आल्यावर मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेले मजूर, नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. शेतांतील काळे धोंडे हातांनी वेचून रचलेले उंच ढिगारे आजही उसाच्या हिरव्या पात्यांमधून डोके वर काढतात. बेटाचे सौंदर्य निसर्गाचे असले, तरी त्याची शेती या कष्टकऱ्यांनीच घडवली, हे विसरता कामा नये.