बोलो, सुंडांग आणि कॅटलॉगातला सुरा

इंग्रजी मजकुरात ‘बोलो’ हा फिलिपिनो शब्द आला की देवनागरीत तो हिंदी आज्ञार्थासारखा दिसू लागतो. ‘कोयता’ म्हणावे, तर कोकणातल्या कोयतीचे टोक आत वळलेले असते. बोलोचे पाते टोकाकडे रुंद होत जाते. त्यामुळे भार पुढे राहतो आणि घाव मनगटापेक्षा पात्याच्या वजनावर बसतो. नारळ फोडायला, झाडी तोडायला, शेताची वाट मोकळी करायला ते सोयीचे. शिवाय ‘बोलो’ हे परक्या अमलात रुळलेले सरसकट नाव. तागालोगमध्ये ‘इटाक’, इलोकानोत ‘बुनेंग’, बिसाया भाषांत ‘सुंडांग’.

हे अवजार अमेरिकी लष्कराच्या शब्दकोशात शिरले ते युद्धातून. १९०१ साली समार बेटावरच्या बालांगिगा गावात अमेरिकी तुकडीने पुरुषांना डांबून सफाईच्या कामाला जुंपले, त्यांचे बोलो जप्त केले, तांदळाचे साठे ताब्यात घेतले. शेतकऱ्याचा बोलो काढून घेणे म्हणजे केवळ निःशस्त्र करणे नव्हे, त्याचा हातच काढून घेणे. २८ सप्टेंबरच्या सकाळी सैनिक न्याहारीला बसले असताना गावचा पोलीसप्रमुख व्हालेरियानो आबानादोर याने इशारा केला आणि गावकरी तुटून पडले. ७४ पैकी ४८ सैनिक मेले. त्यानंतर जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकाला मारण्याचा आणि समारचे रान करून टाकण्याचा हुकूम दिला. त्याच्यावर लष्करी खटला चालला. शिक्षा झाली ती समज देण्याची, मग सक्तीची निवृत्ती. गावच्या चर्चमधून नेलेल्या घंटा डिसेंबर २०१८ मध्ये परत आल्या.

पुढची गोष्ट मला अधिक बोचते. अवघ्या आठ वर्षांनी, १९०९ साली, त्याच सैन्याने स्वतःचा बोलो काढला: सुमारे चौदा इंची पाते, सरकारी कारखान्यात घडवलेले, मॉडेलला सालाचा क्रमांक. १९१७ चे मॉडेल पहिल्या महायुद्धात गेले. सैनिकी बोलीत नेमबाजीच्या चाचणीत नापास होण्यालाही ‘बोलो’ म्हणू लागले!

आज बाजारात मिळणारे मोठे ‘फिलिपिनो शैलीचे’ सुरे याच वाटेने आलेले आहेत. कृत्रिम मूठ, यंत्रावर कापलेले पोलाद आणि जाहिरातीत ‘योद्ध्यांचा वारसा’. शेत मात्र त्यात कुठेच नाही. इकडे फिलिपाइन्समधले लोहार अजूनही जुन्या गाड्यांच्या पाट्यांचे पोलाद भट्टीत घालून बोलो घडवतात, आणि गिऱ्हाईक विचारते ते वारशाविषयी नव्हे, धार किती दिवस टिकेल याविषयी.

म्हणून अनुवादात मी दोन शब्द ठेवते. लष्कराच्या कागदांत आणि कॅटलॉगात ‘बोलो’. समारचा माणूस बोलतो तिथे ‘सुंडांग’. पहिल्या वेळी शेजारी ‘शेतातला कोयता’ एवढेच, तळटीप न देता.