हत्तीच्या पाठीवरचं गवत

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जवहीबद्दल बोललो होतो. आज वही मिटून ठेवू आणि सड्यावर जाऊ.

आपल्याकडे कुणी विचारलं, 'काय आहे सड्यावर?' की आपण पटकन म्हणतो, 'काय असणार? कातळ!' मीही तेच म्हणायचे. बी.ए.ला माझा इतिहास होता. पानिपत पाठ होतं, पण घरापासून तासाभरावरच्या सड्यावर काय आहे ते ठाऊक नव्हतं. गेल्या भाद्रपदात, गणपती गेल्यावर, आमच्या गटातल्या चौदा जणी मिळून राजापूर तालुक्यातल्या कशेळीला गेलो. डोंगर चढायचा नाही, दोर लावायचा नाही. सपाट चालायचं, एका बाजूला गवत आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. गुडघे दुखणाऱ्या दोघी बरोबर होत्या, त्याही आल्या.

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी असं करत किनाऱ्याच्या रस्त्याने कशेळी येतं. सुरुवात कनकादित्याच्या देवळापासून केली. सूर्याची देवळं आपल्याकडे तशी थोडीच. इथली कथा अशी सांगतात, की सौराष्ट्रातल्या प्रभासपट्टणाहून सूर्याच्या मूर्ती घेऊन एक गलबत निघालं होतं. ते कशेळीच्या समुद्रात अडकलं, काही केल्या हलेना. तेव्हा एक मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि मग गलबत सुटलं. पुढे गावात राहणाऱ्या कनका नावाच्या गणिकेला स्वप्नात दृष्टांत झाला, तिने गावकऱ्यांना सांगितलं, मूर्ती गुहेतून आणून देऊळ बांधलं. म्हणून देव कनकादित्य. ती गुहा अजून 'देवाची खोली' म्हणून दाखवतात.

ही कथा आहे, पुरावा नाही, एवढा फरक मला कळतो. पण तरी गंमत बघा. जिला गावाने पंगतीत पाटही दिला नसता, तिचं नाव देवाच्या नावाच्या आधी लागलंय.

पुरावाही कशेळीत आहे. पन्हाळ्याच्या शिलाहार राजा भोज दुसरा, त्याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट या गावाचा आहे. गावाचं उत्पन्न ब्राह्मणभोजनासाठी दान दिल्याचं त्यात आहे. सव्वाआठशे वर्षांपूर्वीचा कागद, तोही तांब्याचा! देणारा राजा नावानिशी त्यात आहे. आमच्या गटातली एक वहिनी ऐकून घेऊन म्हणाली, 'आणि रांधत कोण होतं?' सगळ्या हसल्या. मी नाही हसले, कारण मला उत्तर येत नव्हतं.

देवळाकडून समुद्राच्या अंगाला गेलं की देवघळी. सडा संपतो आणि कडा सुरू होतो. खाली काळ्या खडकांच्या बेचक्यात वाळूचा छोटा तुकडा, त्यावर फुटणारी लाट, आणि वर आपण गुडघाभर गवतात. वारा असा, की पदर खोचूनच उभं राहावं लागतं. आम्ही तिथेच बसून भाकरी आणि खोबऱ्याची चटणी खाल्ली.

सड्याचं एक सांगायला हवं. हा जांभा दगड. घराचे चिरे काढतो तोच. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या अधिकाऱ्याने मलबारात त्याच्या विटा पाडताना पाहिल्या आणि १८०७ साली लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून त्याचं 'लॅटराइट' असं नाव ठेवलं. आपण तर आधीपासून त्यात राहत होतो. उन्हाळ्यात हा कातळ तव्यासारखा तापतो आणि मेल्यासारखा दिसतो. मृग पडला की आठ-पंधरा दिवसांत पांढरी दीपकाडी वर येते. ती जगात फारशी कुठे उगवत नाही, आपल्या या किनारपट्टीच्या सड्यांवर उगवते. श्रावण-भादव्यात निळीजांभळी सीतेची आसवं, गेंद, तेरडा. मग गवत वाढतं, पिकतं, दसऱ्यापासून कापणी. शिवाय जांभा सच्छिद्र आहे, पाऊस पितो आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांनी परत देतो. आपल्या विहिरी त्यावर आहेत. सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीपुढे 'पोटखराबा' लिहितात.

आता मुख्य गोष्ट. कशेळीच्या सड्यावर कातळात हत्ती कोरलेला आहे. आडवा, जमिनीवर. लांबी सुमारे १८ मीटर आणि रुंदी १३. म्हणजे दोन एस.टी. मागेपुढे उभ्या केल्या तरी त्याच्याएवढ्या जेमतेम होतील. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, फिरत फिरत गेलं की सोंड, पाय, पाठ जुळायला लागते. त्याच्या अंगात आणि आजूबाजूला पुष्कळ लहान चित्रं आहेत. एका चित्रापाशी आमच्यातली मासे विकणारी मावशी वाकली आणि म्हणाली, 'ही पाकट ना गो? शेपटी बघ.' तज्ज्ञही तिथे पाकट आणि मुशी असल्याचं सांगतात. तिने ते वाचलं नव्हतं.

ही कातळशिल्पं कुणी आणि कधी कोरली हे नक्की सांगणारा लेख कुठे नाही. अभ्यासक त्यांचा काळ काही हजार वर्षं मागे, मध्याश्मयुगापर्यंत नेतात. कोकणच्या सड्यांवर एकशिंगी गेंडाही कोरलेला सापडतो, आणि गेंडा आज आपल्याकडे फक्त पुस्तकात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव फिरून ही चित्रं शोधली. २०२२ साली कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ अशा नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. 'संभाव्य' हा शब्द लक्षात ठेवा, अजून पक्की यादी नाही. कुडोपीच्या जागेला गावातले लोक 'बाहुल्यांचं टेंब' म्हणत आले आहेत. म्हणजे गावाला ठाऊक होतं. आपण 'शोध लागला' म्हणतो तेव्हा शहराला ठाऊक झालं, एवढाच अर्थ बऱ्याचदा असतो.

हे मला कळलं ते आमच्या एका काकींमुळे. त्या सत्तरीच्या. त्यांचं माहेर असंच सड्याच्या कडेचं. हत्तीपाशी सगळ्या फोटो काढत होत्या आणि काकी गप्प. मी विचारलं, 'काकी, पाय दुखतात का?' तर म्हणाल्या, 'नाय गो. आमच्या माळावर असाच आखलेला कातळ होता. गवताचा भारा बांधायला आमी त्याच्यावर बसायचो. आई सांगायची, पांडवांनी खेळ मांडलाय, त्याच्यावर कोयती घासू नको.'

'मग कुणाला सांगितलं का नाही?'

'कोण इचारायला आलाय?'

खरंच. इतकी वर्षं सड्यावर उन्हात सगळ्यात जास्त कोण चाललं असेल, तर गवत कापणाऱ्या बायका आणि गुरं राखणारी पोरं. कुठल्या घळीत पाणी टिकतं, कुठली पायवाट खाडीवर उतरते, कुठे कातळ आखलेला आहे, हे त्यांच्या पायांना माहीत. पण सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं नाहीतर दिराचं, आणि माहिती विचारायला आलेला माणूस आधी ओटीवरच्या पुरुषांना भेटतो.

काकींच्या माहेरचा तो माळ चार वर्षांपूर्वी विकला गेला. भावांनी विकला, त्यांनाही पैशांची गरज होती, मी त्यांना नावं ठेवणार नाही. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि पलीकडच्या अंगाला चिरेखाण. आम्ही गटातर्फे गावात विचारून पाहिलं, तर उत्तर मिळालं, 'तिथे काय कातळच आहे.' हे मी ऐकलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

आम्ही एवढं केलंय, की काकींना बसवून माळाचा नकाशा काढला. करवंदीच्या जाळीपासून किती पावलं, तळी कुठे, भारे कुठे ठेवायच्या. माझ्या एका जुन्या ठराववहीच्या मागच्या पानावर आहे तो. नव्या मालकाचा फोन लागला, तो मुंबईला असतो. माणूस बरा वाटला. म्हणाला, गवत कापलं की येऊन बघा, पण खणू नका. खणणार कशाला? असलंच काही, तर पुरातत्त्व खात्याला फोटोसकट कळवायचं आणि आपण झाडूसुद्धा मारायचा नाही, हे ठरलंय.

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार धरलाय. काकी म्हणतात, कोयती मी माझीच आणीन.