जर्मनीतील मराठी विनिमय विद्यार्थी

आपल्या मूळ शाळेतील किंवा महाविद्यालयातील प्रवेश कायम ठेवून एक वा दोन सत्रांसाठी परदेशातील सहयोगी संस्थेत शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास विनिमय विद्यार्थी असे म्हणतात. महाराष्ट्रातून, विशेषतः पुणे, पिंपरी-चिंचवड व चाकण या परिसरातून, अशा शिक्षणासाठी ज्या देशांत विद्यार्थी जातात त्यांत जर्मनीचे स्थान महत्त्वाचे आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील उच्च शिक्षणसंस्थांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये त्यांचा गट सर्वांत मोठा होता. यांतील बहुसंख्य विद्यार्थी पूर्ण पदवीसाठी गेलेले असतात. विनिमय विद्यार्थ्यांचा गट त्या मानाने लहान आहे. प्रस्तुत लेखात या गटाची पार्श्वभूमी व तेथील दैनंदिन जीवन यांची माहिती दिली आहे.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

मराठी विद्यार्थ्यांचा जर्मन विद्यापीठांशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. भाषाशास्त्रज्ञ पांडुरंग दामोदर गुणे यांनी लाइपझिग येथे अध्ययन केले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी बर्लिन येथे हाइनरिश ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली संस्कृत व्याकरणावर संशोधन केले. पुढे १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकत्व त्यांच्याकडे आले. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त मांडणारे होते. कवट्यांच्या मोजमापांतून त्या सिद्धान्ताला पुष्टी मिळत नाही, हा निष्कर्ष कर्वे यांनी त्यांच्यासमोरच मांडला. हे विद्वान आजच्या अर्थाने विनिमय विद्यार्थी नव्हते. परंतु परभाषेत शिकून त्या ज्ञानाचा उपयोग मायदेशी करण्याची परंपरा त्यांनी घालून दिली.

विद्यार्थी विनिमयास संस्थात्मक रूप देणारी जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा (डाड) १९२५ मध्ये हायडेलबर्ग येथे सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये तिची पुनःस्थापना झाली. भारतीय विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात जर्मन संशोधन संस्थांत काम करता यावे यासाठी 'वाइज' ही शिष्यवृत्ती योजना याच संस्थेची आहे. शालेय स्तरावर जर्मन परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये 'पाश' हा उपक्रम सुरू केला. त्यातून जर्मन शिकवणाऱ्या शाळा एकमेकींशी जोडल्या जातात.

== चऱ्होली व औद्योगिक पट्टा ==

इंद्रायणीच्या काठी, आळंदीच्या शेजारी वसलेले चऱ्होली बुद्रुक हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गावाच्या हद्दीत अजिंक्य डी. वाय. पाटील विद्यापीठाचा परिसर आहे. नदीपलीकडे काही किलोमीटरवर चाकणची औद्योगिक वसाहत सुरू होते. त्यामुळे एकेकाळी शेती व वारी यांभोवती फिरणाऱ्या या गावात आता कारखान्यांतील अभियंत्यांची व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची वस्ती वाढली आहे.

या पट्ट्याचे जर्मनीशी नाते प्रामुख्याने उद्योगांतून आले. बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) ही कंपनी १९५८ मध्ये 'टेम्पो' वाहने बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली. मालवाहू गाडीसाठी मराठीत रूढ झालेला 'टेम्पो' हा शब्द त्याच जर्मन व्यापारनामावरून आला आहे. केएसबी या जर्मन पंप कंपनीचा कारखाना पिंपरीत आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या दोन्ही कंपन्यांचे चाकणमधील कारखाने सुरू झाले. मुंबई व श्टुटगार्ट ही शहरे १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांमध्येही २०१५ मध्ये सहकार्याचा करार झाला. अशा परिस्थितीत जर्मन भाषा व जर्मन कार्यपद्धती यांची ओळख हे येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे रोजगाराच्या दृष्टीने मोलाचे भांडवल ठरते.

जर्मन शिकण्याची सोय पुण्यात पूर्वीपासून आहे. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, तर गोएथे इन्स्टिट्यूटचे मॅक्स म्यूलर भवन बोट क्लब रस्त्यावर आहे. उच्च माध्यमिक परीक्षेसाठीही जर्मन हा विषय घेता येतो.

== जाण्यापूर्वीची तयारी ==

विनिमयाचा पाया म्हणजे दोन संस्थांमधील करार. त्यानुसार विद्यार्थी शुल्क आपल्या मूळ संस्थेत भरतो आणि यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणी शुल्क घेत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क आहे. विनिमय विद्यार्थ्यांना मात्र ते माफ असते. सत्रवर्गणी सामान्यतः भरावी लागते.

जाण्यापूर्वी 'अध्ययन करार' तयार केला जातो. जर्मनीत कोणते विषय घ्यावयाचे व त्यांचे श्रेयांक येथे कोणत्या विषयांऐवजी धरावयाचे, हे त्यात लिहिलेले असते. या कागदावर मूळ महाविद्यालयाची संमती आधीच घेतलेली नसल्यास परत आल्यावर ते श्रेयांक नाकारले जाऊ शकतात आणि वर्ष वाया जाण्याचा धोका असतो. दुसरी अडचण वेळापत्रकाची. जर्मनीचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च व उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. हिवाळी सत्राचे वर्ग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात व परीक्षा त्यानंतरही होतात; पुण्याकडील महाविद्यालयांचे पुढचे सत्र बहुधा त्याआधीच सुरू झालेले असते.

९० दिवसांहून अधिक वास्तव्यासाठी राष्ट्रीय व्हिसा लागतो. निर्वाहखर्चाचा पुरावा म्हणून शिष्यवृत्तीचे पत्र किंवा 'श्पेरकोन्टो' म्हणजे बंदिस्त खाते दाखवावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरवण्यात आली. ती आधी पूर्ण भरावयाची असून तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरोच काढता येतात. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ही रक्कम उभी करणे हा या प्रवासातील सर्वांत मोठा अडथळा ठरतो.

== निवास व नोंदणी ==

विद्यार्थी वसतिगृहे 'श्टुडीरेन्डेनवेर्क' ही विद्यार्थी सेवा संस्था चालवते. म्युनिकसारख्या मोठ्या शहरांत तेथील खोल्यांसाठी दीर्घ प्रतीक्षायादी असते. दुसरा पर्याय 'वेगे' म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेले भाड्याचे घर. येथे प्रत्येकास स्वतंत्र खोली असते. स्वयंपाकघर व न्हाणीघर सामाईक असते. खोली पाहण्यापूर्वीच अनामत रक्कम मागून फसवणूक करण्याचे प्रकार घडतात, म्हणून ओळख व करार यांची खात्री झाल्याशिवाय पैसे न पाठवणे श्रेयस्कर असते.

राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत 'आनमेल्डुंग' म्हणजे पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. इतर अनेक कामे या नोंदणीवर अवलंबून असतात. कचेऱ्या, विमा कंपन्या व बँका आजही बराच पत्रव्यवहार टपालाने करतात. घराच्या टपालपेटीवर विद्यार्थ्याचे नाव लावलेले नसेल, तर पोस्टमन पत्र परत नेतो. या साध्या चुकीमुळे निवास परवान्याची तारीख किंवा विम्याची सूचना हुकू शकते. रेडिओ व दूरचित्रवाणीसाठी प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो वर्गणी आकारली जाते. सहनिवासात ती वाटून घेता येते.

== दैनंदिन शिस्त ==

रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जर्मन राज्यघटनेनेच संरक्षिला आहे. त्या दिवशी रेल्वेस्थानकातील दुकाने, पेट्रोलपंप व काही बेकऱ्या वगळता बाजार बंद असतो. म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवावे लागते. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. कचऱ्याचे वर्गीकरण काटेकोर असते: बहुतेक ठिकाणी कागदासाठी निळी, वेष्टनांसाठी पिवळी, ओल्या कचऱ्यासाठी तपकिरी व उरलेल्यासाठी काळी किंवा करडी पेटी असते, मात्र हे रंग गावोगावी बदलतात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरील वेगळ्या पेट्यांत टाकावयाच्या असतात; आवाज होतो म्हणून त्या रात्री वा रविवारी टाकू नयेत असा नियम असतो. एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते व रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकल्यावर ती परत मिळते.

हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवल्यास भिंतींना बुरशी येते; त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही रोज काही मिनिटे खिडकी सताड उघडण्याची पद्धत आहे. सामाईक घरात स्वच्छतेच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. घरी केर-भांड्याचे काम कधी न केलेल्या मुलामुलींना ही शिकवण सुरुवातीस जड जाते.

== आहार ==

दुपारचे जेवण विद्यापीठाच्या 'मेन्सा'त म्हणजे खानावळीत सवलतीच्या दरात मिळते. तेथे शाकाहारी पदार्थही असतात. संध्याकाळी स्वयंपाक स्वतः करावा लागतो. भात, आमटी व उसळी यांचे साहित्य मोठ्या शहरांतील भारतीय, तुर्की व आशियाई दुकानांत मिळते. युरोपीय संघाबाहेरून मांस व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास प्रवाशांना बंदी आहे. त्यामुळे तूप, पेढे व खव्याची मिठाई सामानात नेता येत नाही. मसाले, चटणी किंवा चकली नेता येते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

== अध्ययन ==

वेळापत्रकात तासापुढे 'कुम टेम्पोरे' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असल्यास वर्ग दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो. 'सिने टेम्पोरे' असल्यास अगदी वेळेवर. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवण्याऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. एका सत्रास साधारणतः ३० युरोपीय श्रेयांक अपेक्षित असतात.

गुणांकन आपल्याकडच्या उलट असते. १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० पर्यंत उत्तीर्ण व ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. अनेक विषयांत सत्रभर चाचण्या नसतात. अखेरच्या एकाच परीक्षेवर सर्व गुण अवलंबून असतात. वर्गास बसणे व परीक्षेस बसणे यांची नोंदणी वेगवेगळी असते. परीक्षेची नोंदणी मुदतीत न केल्यास वर्गात नियमित हजर राहिलेल्या विद्यार्थ्यासही परीक्षा देता येत नाही. उपस्थितीची सक्ती बऱ्याच ठिकाणी नसल्याने स्वतःचे वेळापत्रक स्वतः आखावे लागते.

व्हिसाच्या नियमांनुसार विद्यार्थ्यास मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. तथापि, एका सत्राच्या वास्तव्यात नोकरीवर फार विसंबल्यास अभ्यासाची हानी होते.

== भाषा ==

इंग्रजी माध्यमाचे विषय निवडून परीक्षा देता येते. पण नगरकचेरी, दवाखाना, शेजार आणि घराचा करार यांचा व्यवहार बहुतांशी जर्मनमध्ये चालतो. सहनिवासातील गप्पाही जर्मनमध्ये होतात. ज्यास भाषा येत नाही तो अनेकदा आपल्याच देशबांधवांच्या गटात राहतो व विनिमयाचा मुख्य हेतू निसटतो. विद्यापीठाची किमान अट कमी असली तरी जाण्यापूर्वी जर्मनचे दोन-तीन स्तर पूर्ण करणे उपयुक्त ठरते.

मराठी भाषकास जर्मनमधील काही गोष्टी परिचित वाटतात. मराठीप्रमाणेच जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. 'बूख' हा शब्द 'पुस्तक' या शब्दाप्रमाणे नपुंसकलिंगी आहे. सूर्य मात्र जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते. एकवीस, बत्तीस या अंकनामांत जसा एकक आधी व दशक नंतर येतो, तसाच क्रम जर्मनमध्येही असतो. 'दू' व 'झी' यांतील भेद 'तू' व 'तुम्ही' यांसारखा आहे: विद्यार्थी परस्परांना 'दू' म्हणतात, प्राध्यापकांना व कचेरीत 'झी' म्हणतात. आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. जर्मन कुटुंबात मात्र आजी-आजोबांनाही 'दू' म्हणतात.

== आरोग्य, एकटेपणा व आधार ==

नोंदणीसाठी आरोग्यविमा अनिवार्य असतो. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी व अग्निशमनासाठी ११२, तर पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत. आजारपणामुळे परीक्षा हुकल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्वरित सादर करावे लागते.

डिसेंबरात बर्लिनमध्ये दिवस आठ तासांहूनही लहान असतो. सूर्यप्रकाशाची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना याच काळात उदासीनता व एकटेपणा जाणवतो. दिवाळी व आळंदीची कार्तिकी यात्राही हिवाळी सत्रातच येते. चऱ्होलीच्या घरी पाहुण्यांची व वारकऱ्यांची वर्दळ असताना तिथे नेहमीचे वर्ग चालू असतात. भारतीय वेळ हिवाळ्यात साडेचार व उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्याने घरच्यांशी बोलणे संध्याकाळी लवकर उरकावे लागते. विद्यार्थी मोकळा होईतो घरची मंडळी निजलेली असतात. श्टुडीरेन्डेनवेर्कची मानसिक समुपदेशन केंद्रे, विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय व नवागतास जोडून दिलेला स्थानिक सहविद्यार्थी यांचा अशा वेळी आधार मिळतो. म्युनिक, फ्रँकफुर्ट, बर्लिन आदी शहरांतील मराठी मंडळे गणेशोत्सव व दिवाळी साजरी करतात.

== परतीनंतर ==

निघण्यापूर्वी पत्त्याची नोंद रद्द करणे, घराची अनामत परत घेणे, बँक खाते व विमा बंद करणे आणि गुणपत्रक मिळवणे आवश्यक असते. जर्मन गुणपत्रक बहुधा काही आठवड्यांनी मिळते. तोवर मूळ महाविद्यालयातील निकाल अडकून राहू शकतो. परतलेल्या विद्यार्थ्यास भाषेचे ज्ञान व जर्मन कार्यपद्धतीचा अनुभव यांचा उपयोग चाकण-पिंपरीतील उद्योगांत, भाषांतरात, अध्यापनात किंवा पुढील उच्च शिक्षणात होतो. विनिमय हा दुहेरी व्यवहार असल्याने जर्मन विद्यार्थीही अध्ययनासाठी व कारखान्यांतील प्रशिक्षणासाठी पुणे परिसरात येतात. नव्या शहरातील घरशोध, कचेरी व परकी भाषा यांचा अनुभव घेऊन परतलेला विद्यार्थी त्यांचा सर्वांत उपयुक्त वाटाड्या ठरतो.