टाइम (हिब्रू पर्याय)

इंग्रजी ‘टाइम’ या नामाची हिब्रूत वेगवेगळ्या अर्थांनी होणारी भाषांतरे. काळ, घड्याळातली वेळ, खेप, पट, युग असे अनेक अर्थ इंग्रजीत या एकाच शब्दात सामावतात. हिब्रूत त्यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. शब्दकोशात पहिला पर्याय ‘झ्मान’ असा सापडतो आणि नवशिका भाषांतरकार तोच सगळीकडे वापरतो. वाक्यातला ‘टाइम’ किती वेळ, किती वाजता, कितव्यांदा की कोणत्या काळी यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी ठरवावे लागते.

‘झ्मान’ (पुल्लिंगी) हा वाहता, मोजता येणारा, पुरणारा किंवा कमी पडणारा वेळ. व्याकरणातल्या काळालाही हाच शब्द आहे. हिब्रू बायबलमध्ये तो उपदेशक, एस्तेर, नहेम्या अशा उत्तरकालीन ग्रंथांतच येतो. अरबी-फारसीत त्याचे सगेसोयरे आहेत. मराठीतला ‘जमाना’ फारसीतून आला, तो याच कुळातला. या शब्दाच्या व्यंजनांतून आधुनिक हिब्रूने ‘तिझ्मून’ म्हणजे वेळ साधणे हा शब्द घडवला. ‘हिझ्मीन’ (आमंत्रण दिले), ‘हिझ्दाम्नूत’ (संधी) आणि ‘मेझुमान’ (रोख पैसा) यांतही तीच व्यंजने आहेत.

सर्वांत जास्त चुका ‘पाअम’च्या (स्त्रीलिंगी) जागी होतात. हा खेपेचा, म्हणजे मराठी ‘वेळा’ किंवा ‘-दा’चा शब्द. बायबलमध्ये त्याचा अर्थ पाऊल आणि ठोका असाही आहे. ‘पाअमोन’ म्हणजे घंटा हा शब्द त्याच धातूचा. दोनदा म्हणायला संख्यावाचक लागत नाही, ‘पाअमायिम’ हे द्विवचन पुरते; तीनदा म्हणजे ‘शालोश पेआमीम’. इंग्रजीतले ‘लास्ट टाइम’ हिब्रूत नेताना ‘बापाअम हाआखरोना’ म्हटले तर मागच्या खेपेस असा अर्थ होतो, ‘बझ्मान हाआखरोन’ म्हटले तर अलीकडे असा. दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध असल्याने ही चूक संपादकाच्याही नजरेतून निसटते. मराठी भाषकाला इथे आपली भाषाच मदत करते, कारण ‘वेळ नाही’ आणि ‘तीन वेळा’ हा भेद आपण लिंग-वचनाने रोज पाळतो.

पट सांगताना मात्र ‘पाअम’ सोडून ‘पी’ हा शब्द येतो. तो ‘पे’ म्हणजे तोंड या शब्दाचे संबंधदर्शक रूप: ‘पी श्लोशा’ म्हणजे तिप्पट. हा प्रयोग प्राचीन आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात ज्येष्ठ पुत्राचा दुप्पट वाटा ‘पी श्नायिम’ असाच सांगितला आहे आणि बायबलमधला संदेष्टा अलीशा आपला गुरू एलीया याच्याकडे त्याच शब्दांत मागणी करतो. पाढे म्हणताना गुणिलेसाठी ‘काफूल’ हा आणखी वेगळा शब्द लागतो.

घड्याळाच्या वेळेला ‘शाआ’ (तास): किती वाजले हे ‘मा हाशाआ’ असे विचारतात. ठरवून दिलेली वेळ ‘मोएद’. सणांनाही हेच नाव आहे आणि मिश्ना या यहुदी धर्मनियमसंग्रहाच्या सहा विभागांपैकी दुसऱ्याचेही. इस्रायली विद्यापीठांत परीक्षेच्या पहिल्या व दुसऱ्या संधीला ‘मोएद आलेफ’ आणि ‘मोएद बेत’ म्हणतात. युगासाठी ‘त्कुफा’, मुळात हा सूर्याच्या किंवा वर्षाच्या फेऱ्याचा शब्द.

‘एत’ (स्त्रीलिंगी) हाताळणे सर्वांत नाजूक. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात जन्म-मरणापासून युद्ध-शांतीपर्यंतच्या 14 जोड्यांत तो 28 वेळा येतो; प्रत्येक गोष्टीची आपली घटका असते, हा भाव त्यात आहे. त्याच्या आधीच्या ओळीत ‘झ्मान’ आणि ‘एत’ शेजारी-शेजारी येतात. तिथे ‘टाइम’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर भेद पुसला जातो. म्हणूनच 1611 च्या किंग जेम्स भाषांतराने ‘झ्मान’साठी ऋतुवाचक इंग्रजी शब्द निवडला, आणि तो निर्णय योग्यच होता. आजच्या बोलण्यात सुटा ‘एत’ भारदस्त वाटतो, त्यामुळे साध्या संवादात तो घातला तर पात्र प्रवचन देऊ लागते. पण साधित शब्दांत तो रोजचा आहे: हिब्रू कोशकार एलिएझर बेन येहुदा (1858–1922) यांनी वर्तमानपत्रासाठी घडवलेला ‘इतोन’ हा त्यातूनच आला, आणि नियतकालिकाला ‘क्ताव-एत’ म्हणतात.

जोडशब्दांत कधी ‘झ्मान’ टिकतो, कधी नाहीसा होतो. बास्केटबॉलमधला टाइमआउट ‘पेसेक झ्मान’. ओव्हरटाइम कारखान्यात ‘शाओत नोसाफोत’ म्हणजे जादा तास, तर मैदानावर ‘हाआराखा’ म्हणजे मुदतवाढ. ‘हॅव अ गुड टाइम’ला तर नामच लागत नाही, तिथे ‘बिला’ या क्रियापदाची रूपे वापरतात.