स्मिथ : एका आडनावाची वाटचाल



भाषेचा अभ्यासक आडनावांकडे वळला, की लोक त्याला आपले कूळ आणि मूळ विचारू लागतात. आडनावाकडून आपण जी साक्ष मागतो, ती देण्यास ते बहुधा असमर्थ असते. हे स्पष्ट व्हावे म्हणून मी आज मुद्दाम एक परके, परंतु सर्वांच्या कानांवरून गेलेले आडनाव घेतले आहे : स्मिथ.

शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. अर्थ कारागीर, विशेषतः धातू घडवणारा, आपल्याकडचा लोहार. घण मारणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाशी त्याचे नाते जोडणारी व्युत्पत्ती पुष्कळांना ठाऊक असते, पण ती लोकव्युत्पत्तीच होय. इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या चारही देशांत हे आडनाव संख्येने पहिले आहे. मग मध्ययुगीन इंग्लंडात लोहारांचाच सुकाळ होता काय? मुळीच नाही. सुकाळ होता तो शेतकऱ्यांचा. परंतु ज्या गावात सगळेच नांगर धरतात, तेथे 'नांगरवाला' म्हणून कोणास ओळखणार? लोहार मात्र गावोगाव असे, आणि गावात बहुधा एकच असे. म्हणून 'लोहाराचा जॉन' म्हटले की माणूस नेमका कळे. आडनाव माणूस स्वतः घेत नाही, शेजारी देतात. आणि शेजाऱ्यांना हवा असतो तो वेगळेपणा. गावोगावच्या या एकेका वेगळ्या माणसाची बेरीज म्हणजे आजचे असंख्य स्मिथ. त्यांचा मूळपुरुष एक नाही, हजारो आहेत.

1066 च्या नॉर्मन विजयानंतर वंशपरंपरागत आडनावे प्रथम सरदारवर्गात रुजली आणि 1400 च्या सुमारास सामान्य घरांतही स्थिरावली. त्यास सरकारी दप्तराचाही हातभार लागला. 1379 च्या डोईपट्टीच्या याद्यांत आडनाव एका धंद्याचे आणि माणूस दुसऱ्याच धंद्यातला, अशी उदाहरणे सापडतात. भाता विझला, नाव उरले.

पुढे तर लोहाराशी दूरान्वयानेही संबंध नसलेले लोक स्मिथ झाले. आयर्लंडातील मॅकगोवन, म्हणजे लोहाराचा पुत्र, इंग्रजी अमलात भाषांतरित होऊन स्मिथ बनला. अमेरिकेत जर्मन श्मिट स्मिथ बनला. निदान या दोघांत अर्थ तरी टिकला. पण 1865 साली गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या ज्या कृष्णवर्णीयांच्या नावापुढे स्मिथ लागले, त्यांच्यापैकी कित्येकांचा या शब्दाशी संबंध गोऱ्या मालकाच्या घराण्यापुरताच असणार. 2010 च्या अमेरिकन जनगणनेत स्मिथ सुमारे 24 लाख 43 हजार भरले, आणि त्यांतील जवळजवळ 23 टक्के कृष्णवर्णीय होते. एकच आडनाव; त्यात कारागिराचा मान आहे, भाषांतर आहे आणि दास्यही आहे. नुसते नाव ऐकून यांतले काय ओळखणार?

आपल्या सीमाभागात हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. लोहार आणि कम्मार ही एकाच अर्थाची मराठी व कानडी आडनावे येथे शेजारीशेजारी नांदतात. कुलकर्णी आणि पाटील यांची गोष्ट तर थेट स्मिथसारखीच आहे. ही गावोगावची पदे. म्हणून आडनावे अमाप. फरक इतकाच, की ती वतने होती, त्यामुळे पद आणि नाव दीर्घकाळ एकाच घरात राहिले. पण नावावरून माणसाची मातृभाषा ठरवू पाहणारा येथे हमखास फसतो. धारवाडात बसून मराठी कथेला नवे वळण देणारे जी. ए. कुलकर्णी, आणि ज्यांना कानडी वाचक 'गळगनाथ' म्हणून ओळखतात ते कादंबरीकार व्यंकटेश तिरको हेही कुलकर्णीच. या दुसऱ्या कुलकर्ण्यांनीच हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कानडीत नेल्या.